सोमारीचं मागणं

बियाण्याच्या पंडुमाचा, म्हणजे पेरणीआधीच्या सणाचा, ढोल दोन दिवस वाजत होता, आणि ते दोन्ही दिवस पत्रू कुमरे घराबाहेर पडला नव्हता. पडवीतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून तो पडून होता. वाजवणाऱ्याचा हात कुठं चुकला की पत्रूची बोटं खाटेच्या लाकडावर आपोआप हलायची, आणि मग तोच चिडून मूठ आवळायचा.

चाळीस वर्षं गावचा ढोल त्याच्या गळ्यात होता. यंदा गावानं त्याला बोलावलं नाही. त्याची सून सोमारी दोन वर्षांपासून दर रविवारी पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, येशूच्या प्रार्थनेला जायची आणि गावदेवाच्या पूजेला यायची नाही. गावदेवाची पूजा करणारा भुमक बापूराव बैठकीत म्हणाला होता, "अर्धं घर इथी आन अर्धं तिथी. त्या घरच्या मानसानं ढोल वाजवाचा नाई." सोमारीचा नवरा बिरजू तेव्हा बैठकीतच होता. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. घरी आल्यावर त्यानं बापाला एवढंच सांगितलं, "यंदा आपल्याले नाई बलावलं."

पंडुम संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तेंदूपत्त्याची तोडणी होती. धानोऱ्याच्या आतल्या त्या जंगलात मे महिन्यातले हे दहा-बारा दिवस म्हणजे घराघराची धावपळ. झुंजुमुंजू व्हायच्या आत बाया-माणसं रानात शिरायची, दुपारी पानांचे भारे घेऊन परतायची, सावलीत बसून पुडे बांधायची आणि संध्याकाळी ते गावाबाहेरच्या फडावर, पानं मोजून विकत घेण्याच्या जागी, नेऊन द्यायची.

सोमारी अंधारातच उठली. बिरजू आधीच पुढं निघून गेला होता. तिनं गाडग्यात आंबील केली, एक वाटी चुलीपाशी येऊन बसलेल्या म्हाताऱ्यासमोर ठेवली आणि आपली वाटी घेऊन सवयीनं डोळे मिटले.

"माया समोर तोंड हलवू नको," पत्रू म्हणाला.

तिचे ओठ हलत राहिले.

"ऐकू नाई येत का? माया ढोल तुया देवानं नेला. आता आंबीलबी त्याच्याच नावाची खाऊ का?"

"मामाजी, खाऊन घ्या. मले उशीर होऊन राह्यला."

पत्रूनं पायानं गाडगं ढकललं. आंबील चुलीतल्या राखेत गेली. "तू मरून गेली असती तं बरं झालं असतं," तो म्हणाला. "माया घराचं नाव तरी राह्यलं असतं."

सोमारीनं दोन्ही हातांनी आंबील ओढून घ्यायचा प्रयत्न केला. हाताला नुसता चिखल लागला. ती तशीच उठली आणि घरामागं मोहाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

तिच्या प्रार्थनेची त्या टोल्यावर ख्याती होती. ती मागायची ते दार ठोठावल्यासारखं, अंगातली सगळी ताकद लावून. बाया आपली तापलेली लेकरं तिच्या मांडीवर आणून ठेवायच्या. मागितलं की मिळतं यावर तिचा पुरता भरवसा होता. सकाळी सूर्य उगवतो यावर असतो तसा. त्याच ताकदीनं, राखेनं भरलेल्या मुठी छातीशी धरून ती म्हणाली, "देवा, या बुढ्याले माया नजरेसमोरून ने. आजच ने."

मग हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि ती रानात गेली.

दुपारी भारा घेऊन ती परतली तेव्हा खाट रिकामी होती.

आधी तिला काहीच वाटलं नाही. बरंच वाटलं. पानं सावलीत टाकून ती पुडे बांधायला बसली. तेंदूच्या चिकानं बोटं काळी पडली होती. बिरजू आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बा कुठी गेला?"

"गेले असन कुठी."

"काठी नाई. तुंबाबी नाई." तुंबा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं, पत्रू लांब जाताना तेवढं बरोबर घ्यायचा.

सोमारीचा हात पानांवर थांबला. सकाळचे आपले शब्द तिला जसेच्या तसे ऐकू आले.

अंधार पडेपर्यंत बिरजूनं शेजारची दोन्ही शेतं, तलावाची पाळ आणि पायवाट पालथी घातली. पत्रूला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. दहा पावलांवरचा माणूस त्याला आवाजावरून ओळखावा लागायचा.

दुसऱ्या दिवशी तोडणी सोडून गावातली वीसेक माणसं निघाली. पत्रूची बहीण पूर्वेच्या गावात राहायची, म्हातारा रागावून तिकडंच गेला असणार असं सगळ्यांचं मत पडलं. त्या वाटेवर शोध घेतला. बहिणीच्या घरी तो पोचलाच नव्हता. परतताना नाल्याच्या ओल्या वाळूत वाघाचे पंजे दिसले, ताजे. ते पाहून कुणी काही बोललं नाही. बिरजू एकटाच खाली बसला आणि त्यानं पंजावर आपला हात ठेवून पाहिला.

ही बातमी ऐकून पलीकडच्या टोल्यावरची रंजीता धावत आली. प्रार्थनेला सोमारीच्या शेजारी बसणारी ती तरुण बाई. घामानं तिचं पोलकं अंगाला चिकटलं होतं.

"सोमारीबाई, रडतेस कायले? तू माग. तू मागतलं का सांजपर्यंत बुढा घरी येते. माया पोराचा ताप नाई का उतरला?"

तिनं सोमारीचे हात हातात घेतले आणि डोळे मिटून वाट पाहत राहिली. सोमारीनं तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं. एक मागणं रानात कुठंतरी पुरं होत होतं. त्यावर दुसरं कोणत्या तोंडानं मागायचं? उन्हात तापलेल्या पत्र्यावर कोंबड्या चालल्याचा आवाज येत होता. शेवटी रंजीतानंच डोळे उघडले.

"काऊन वं? तोंड काऊन बंद हाये?"

"तू जा आज," सोमारी म्हणाली.

संध्याकाळी बापूराव भुमक अंगणात आला. सत्तरीचा, वाळलेला माणूस. दिवसभर चालून त्याचे घोटे सुजले होते. तो बसला नाही.

"बिरजू, ऐक. पत्र्या आन मी एका दिशी जनमलो. तो भेटला नाई तं या बाईनं गावात राहाचं नाई. तिच्यानंच हे झालं."

बिरजूनं बायकोकडं पाहिलं. ती एखादा शब्द बोलेल, भांडेल, अशी त्याला आशा होती. सोमारी खाली पाहत म्हणाली, "खरं हाये. माया मुळंच झालं."

बापूरावालाही हे अपेक्षित नव्हतं. तो लंगडत निघून गेला.

तिसऱ्या दिवशी माणसं आली नाहीत. त्यात दुष्टपणा नव्हता. तोडलेली पानं सुकून चालली होती आणि फड आणखी आठवडाभरच होता. बापूराव पहाटे चार जणांना घेऊन टेकडीमागं गेला आणि ऊन चढल्यावर हात हलवत परत आला. त्यातला एक जण बिरजूला कानात म्हणाला, "आता कपडा गिपडा भेटला तं भेटला." बिरजू पडवीत खाटेच्या पायाला टेकून बसला. त्यानं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं.

अकराच्या सुमाराला फटफटीवरून धनराज पास्टर आला. तो धानोऱ्यात वेल्डिंगचं दुकान चालवायचा आणि रविवारी टोल्यावरच्या छपरात प्रार्थना घ्यायचा. पन्नाशीचा, हातांवर ठिणग्यांचे डाग असलेला. बिरजूनं त्याला बस म्हटलं नाही. सोमारी त्याला मोहाच्या झाडाखाली घेऊन गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली,

"पास्टर, तुमी शिकवलं ना, विश्वासानं मागतलं का तो देतेच?"

"हो बाई."

"मी विश्वासानंच मागतलं होतं. इथीच. बुढ्याले ने म्हून मागतलं. आजच ने म्हनलं. आन तो गेला."

धनराजनं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि तो रुमाल हातात घेऊन उभा राहिला. काहीतरी पाठ असलेलं बोलायला त्यानं सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

"मी तुमाले अर्धंच शिकवलं बाई," तो म्हणाला. "माया तोंडात जे सोपं होतं ते शिकवलं. माई बायको आजारी होती. नऊ महिने मी मागतलं. उपास करून मागतलं. ती गेली."

सोमारीला हे माहीत नव्हतं.

"मंग तुमी अजून कायले मागता?"

"तो ऐकते म्हून. ते मले पक्कं माहीत हाये. माया पोटातलं सगळं त्याच्या कानावर पडते, वाईटबी पडते. पन देनं त्याच्या मनाचं हाये. तो काई आपला मजूर नाई, का आपन सांगतलं आन त्यानं लगेच केलं."

"मंग माया सांगन्यावर त्यानं नेलं का नाई नेलं?"

"मले नाई माहीत. पन तो असा नसावा." धनराजनं मान हलवली. "असा नाई तो. आता दुसरं माग."

"भेव लागते."

"भेवतच माग. मी नाई मागत तुयासाठी. तूच माग."

तो फटफटीकडं गेला. सोमारी खाली बसली. या वेळी तिच्या अंगात ताकद नव्हती. आवाजही फुटेना. "मी बोलली ते चुकलं," ती पुटपुटली. "बुढ्याले परत दे. जित्ता दे." तिनं वाट पाहिली. एरवी मागून झालं की छातीत गार वाटायचं, मिळाल्यासारखंच. आज काही वाटलं नाही. मुंग्यांची रांग तिच्या पावलावरून चढून पलीकडं उतरली. ती उठली, कारण दोन दिवसांपूर्वीची पानं तशीच पडली होती आणि पुडे बांधायला साल सोलायची होती.

साल सोलायला विळा हवा म्हणून तिनं पडवीच्या वळचणीत हात घातला. विळा होता. त्याच्या शेजारची खुंटी रिकामी होती. तिनं आत चाचपलं, खाली पाहिलं, पुन्हा चाचपलं.

"वाकस कुठी हाये?" तिनं विचारलं.

बिरजूनं मान वर केली नाही. लाकूड कोरायचा तो वाकस पत्रूचा. त्यानंच गावचे निम्मे नांगर त्या वाकसानं घडवले होते. डोळे गेल्यापासून तो खुंटीवरच होता.

"वाकस नाई जागेवर," सोमारी पुन्हा म्हणाली. "बहिनीकडं जानारा मानूस वाकस कायले नेईन? ढोल कोराले गेले ते. सोताचा ढोल. ढोलाले कोनतं लाकूड लागते?"

"शिवन," बिरजू म्हणाला, आणि मग तो हळूहळू उठला. "तुले तुया देवानं सांगतलं का हे?"

"नाई. वाकस नाई जागेवर."

शिवणीची जुनी झाडं कुठं आहेत हे बिरजूला नक्की माहीत नव्हतं. दोघं बापूरावाच्या घरी गेले. म्हातारा गरम पाण्यात पाय सोडून बसला होता. ऐकल्यावर त्यानं पाय पाण्यातून काढले.

"उत्तरेच्या खोऱ्यात. आमी जवान होतो तवा पहिला ढोल तिथूनच आनला होता." त्यानं दोर आणि कुऱ्हाड घेतली. "तिकडं कोनी गेलंच नाई. मलेबी सुचलं नाई."

भर दुपारी तिघं निघाले. पायाखालची पानं पापडासारखी फुटत होती. वारा थांबला होता. बापूराव सुजल्या पायांनी पुढं, मध्ये बिरजू, मागं पाण्याची कळशी डोक्यावर घेतलेली सोमारी. खोऱ्याच्या तोंडाशी तुंबा सापडला, फुटलेला. बिरजूनं तो उचलून नाकाशी धरला आणि खाली ठेवला. पुढं पळसाच्या झुडपात काहीतरी जड हललं. तिघं जागीच थांबले. बापूरावानं कुऱ्हाड झाडाच्या बुंध्यावर तीनदा आपटली. झुडपातून रानडुकराची मादी निघाली आणि कडेकडेनं वर गेली. सोमारीच्या कळशीतलं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं होतं; तिला ते नंतर कळलं.

"बा!" बिरजू ओरडला. खोऱ्यातून त्याचाच आवाज परत आला.

शिवणीच्या एका झाडावर वाकसाचे घाव होते, नवे, पांढरे. पण घाव आठ-दहाच. झाडाच्या पलीकडं काठ ढासळला होता आणि माती घसरत खाली नाल्यापर्यंत गेली होती. सोमारीनं कळशी ठेवली आणि बसून, हातपाय टेकत ती खाली उतरली.

पत्रू नाल्याच्या कोरड्या पात्रात पालथा पडला होता. एक पाय मांडीपाशी नको त्या बाजूला वळला होता. त्यावर माश्या बसल्या होत्या. वाकसानं त्यानं वाळूत हातभर खड्डा उकरला होता, त्यात तळाशी गढूळ पाणी साचलं होतं आणि त्याचा चेहरा त्या खड्ड्याच्या काठावर होता. सोमारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ चुलीसारखी तापली होती, पण खालीवर होत होती.

"कोन?" पत्रू म्हणाला.

तिनं वर पाहून हात हलवला. बिरजू घसरतच खाली आला आणि बापाचं डोकं मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडायला लागला.

तिघांना त्याला वर नेता येण्यासारखं नव्हतं. बापूराव फडाकडं माणसं बोलवायला गेला, बिरजू डोलीसाठी बांबू तोडायला. सोमारी एकटीच म्हाताऱ्यापाशी राहिली. ओल्या पदरानं त्याचे फुटलेले ओठ पुसत ती थेंब थेंब पाणी सोडत होती. माश्या हाकलत होती. तो मरेल असं तिला वाटत होतं. तो मरण्याआधी सांगायला हवं होतं.

"मामाजी, मी मागतलं होतं. तुमाले ने म्हून."

"कोनाले?"

"माया देवाले. आंबील सांडली ना, त्या सकारी."

पत्रूचे डोळे अर्धवट उघडे होते.

"मंग आज तुले इथी कोन धाडलं?"

"आज मी मागतलं, तुमी जित्ते भेटावं म्हून."

"त्या सकारी ने म्हनते, आज दे म्हनते." त्याच्या घशातून घरघर निघाली, तो हसतोय हे कळायला तिला वेळ लागला. "त्यानं काय करावं मंग, तुया देवानं?"

सोमारीला रडू फुटलं. पत्रूनं डोकं हलवायचा प्रयत्न केला आणि दुखून थांबला.

"मीबी तं म्हनलो होतो, तू मर. मेली का तू?"

"नाई."

"मंग. पानी दे. जास्त दे."

फडावरचे आठ जण धावत आले. दिवस मावळता मावळता डोली डांबरी रस्त्याला लागली. उताराला एकाचा पाय घसरला तेव्हा सोमारीनं डोलीच्या बांबूखाली खांदा घातला आणि रस्त्यापर्यंत तो काढला नाही. बापूरावानं दोनदा तिला बाजूला हो म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

गडचिरोलीच्या दवाखान्यात पत्रूच्या मांडीत सळई घातली. डॉक्टर म्हणाला, आणखी एक दिवस गेला असता तर वाचला नसता. शुद्धीवर आल्यापासून म्हातारा परिचारिकांवर ओरडत होता, भात कच्चा आहे म्हणत होता आणि सुनेनं जेवणाआधी डोळे मिटले की तोंड फिरवत होता. गावच्या बैठकीत दोन तट पडले होते. एक म्हणे गावदेवानं वाचवला, दुसरा म्हणे तिच्या देवानं. बापूरावानं दोघांनाही गप्प केलं. "वाकसानं भेटला," तो म्हणाला. "आता पुडे मोजा." सोमारीला गावातून काढायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. त्या घराला पंडुमाला बोलवायची गोष्टही निघाली नाही.

पंधरा दिवसांनी एका रविवारी, बिरजू दवाखान्यात असताना, सोमारी टोल्यावरच्या छपरात गेली. तीसेक माणसं होती. सगळ्यांना कळलं होतं. ती दारात दिसताच बायांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. धनराज पास्टरनं तिला साक्ष द्यायला उभं केलं. देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला. तिच्याकडं पाहत तो हळूच म्हणाला, "जेवढं वाटते तेवढंच सांग."

तिनं सगळं सांगितलं. वाकसाचं आधी सांगितलं, खोऱ्याचं सांगितलं, आणि मग मोहाच्या झाडाखालचं. "मी त्याले ने म्हून मागतलं होतं," ती म्हणाली. "तुमासाठी मागते तशीच, तेवढ्याच जोरानं. देवानं ऐकलं. ऐकून त्यानं मायं म्हननं बाजूले ठेवून देलं. त्यानं केलं असतं तं मी आज खुनी झाली असती."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पुढं बसलेल्या एका बाईनं आपलं लेकरू उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं, सोमारीपासून लांबच्या. महिन्यापूर्वी तेच लेकरू तिनं तापात सोमारीच्या पदरात टाकलं होतं. धनराज जमिनीकडं पाहत होता. मग त्यानं एकट्यानंच आमेन म्हटलं आणि पुढचं गाणं सुरू केलं.

सभा उठल्यावर सोमारी चप्पल शोधत होती. बाया तिला वळसा घालून बाहेर पडत होत्या. रंजीता मात्र खांबाला धरून उभी होती.

"बाई, माया मानूस मिरची तोडाले तेलंगनात गेला. दोन महिने झाले, फोन नाई. तो परत यावा म्हून माग ना."

"माया तोंडून कायले? ऐकलं ना तू आता सगळं?"

"ऐकलं म्हूनच. तू आता सांभाळून मागशील."

सोमारीनं तिच्याकडं नीट पाहिलं. रंजीताच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. मोडल्यावर कुणी नीट बसवली नव्हती. ती कशी मोडली हे टोल्यावर सगळ्यांना माहीत होतं.

"तो यावा, असं खरंच पायजे का तुले?" सोमारीनं विचारलं.

बाहेर रंजीताचा मुलगा कुणाशी तरी भांडत होता. तिनं त्या दिशेला पाहिलं, मग आपल्या हाताकडं.

"येऊ दे," ती म्हणाली. "पन पिऊन नाई."

"तसंच सांगू?"

"तसंच सांग. आन मारन तं येऊ नको म्हनावं."

"बस मंग."

दोघी सारवलेल्या जमिनीवर समोरासमोर बसल्या. सोमारीनं रंजीताचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, डोळे मिटले, आणि रंजीतानं सांगितलं होतं तसंच, एकेक शब्द तपासून, हलक्या आवाजात मागायला लागली.